मोटारसायकलची मान

बदलापूर हे नाव कसे पडले याची एक कथा आमच्याकडे सांगतात. घाटावरून सुरतेकडे निघालेले शिवकालीन स्वार येथे थकलेले घोडे देऊन ताजे घोडे घेत, म्हणून हे गाव बदलापूर. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती टिकते ते जाणकारांनी ठरवावे. पण तिच्यातला व्यवहार पटण्यासारखा आहे. घोडा अडखळू लागला की शहाणा स्वार त्याला चाबूक मारून पुढे दामटत नाही. आपणा आजच्या दुचाकीस्वारांची पंचाईत अशी, की आपला घोडा लोखंडाचा आणि तो वाटेत बदलून मिळत नाही. त्याचे दुखणे आपल्यालाच ओळखावे लागते. आणि दुखणे ओळखण्याआधी औषध दिले, तर एकाची दोन दुखणी होतात. त्याचा दाखला म्हणून एका मोटारसायकलच्या मानेची हकीकत सांगतो.

मांजर्ली ही बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेची वस्ती. नोकरीची सगळी वर्षे आम्ही उभयतांनी लोकलच्या डब्यात उभ्याने काढली. तेव्हा निवृत्तीनंतर ठरवले, की आता बसून हिंडायचे आणि तेही मोकळ्या हवेत. साडेतीनशे सीसीची, लांब पल्ल्याला योग्य अशी मोटारसायकल घेतली. तिला मागे एक पेटी आणि दोन्ही बाजूंना थैल्या बसवल्या. बारवी धरणावरून मुरबाड आणि पुढे माळशेज, नाहीतर वांगणी-नेरळवरून कर्जत, असे आमचे रविवार जातात. साठी उलटलेले जोडपे हेल्मेट काढून बाकावर बसलेले पाहिले की टपरीवालासुद्धा चहात आले थोडे जास्त टाकतो.

एका पावसाळ्यानंतर गाडीला एक खोड लागली. सत्तरच्या वेगाने चाललेली गाडी गतिरोधक दिसल्यावर हळू करू लागलो, की साठ आणि पन्नासच्या दरम्यान हँडल थरथरू लागे. मोठे हेलकावे नव्हेत. डावी-उजवीकडे बारीक, जलद अशी थरथर. मुठी घट्ट धरल्या की ती थांबे, वेग चाळीसच्या खाली गेला की आपोआप नाहीशी होई. हातमोजे घालताना हात थोडा सैल झाला, किंवा मागच्या पेटीत सामान जास्त असले, तर मात्र ती वाढे.

ही गोष्ट माझ्या आधी मागे बसणाऱ्या व्यक्तीने बोलून दाखवली. कर्जतहून परतताना सौ. म्हणाली, "अहो, तुमचे दोन्ही खांदे हलताहेत. मला आधी वाटलं, थंडी वाजतेय."

थंडी नव्हती. घरी आल्यावर तिने आपले हेल्मेट खुंटीला अडकवले आणि शांतपणे सांगितले, "हे काय आहे ते कळेपर्यंत मी मागे बसणार नाही."

सौ. बँकेत होती. दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत काउंटर न सोडणाऱ्या पिढीतली. तिने एक जुनी वही काढली, रेघा मारून चार रकाने पाडले: तारीख, सामान किती, काय बदलले, थरथर केव्हा. पहिली नोंद झाली: "पेटीत सामान असता ६० ते ५० दरम्यान स्पष्ट. पेटी रिकामी असता थोडी."

एका नटाचे दोन रोग

मोटारसायकल आजारी पडली की आपल्याकडे वैद्यांची कमतरता नसते. एक शेजारी म्हणाले, "सगळ्याच गाड्या करतात हो, लक्ष देऊ नका." दुसऱ्यांनी हँडलला डँपर बसवायचा सल्ला दिला. पुण्याच्या लेकीने फोनवर विकून टाकण्याचा उपाय सुचवला. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली, तर तिथल्या कारागिराने पाच मिनिटांत हँडलखालचा मोठा नट आवळून दिला आणि म्हणाला, "आता हात सोडून चालवा."

हात सोडून मी चालवली नाही, आणि कोणी चालवूही नये. पण थरथर खरोखर थांबली होती. मुठी सैल करून सत्तरवरून चाळीसवर आलो तरी हँडल स्तब्ध. समाधान मात्र स्टेशनच्या गर्दीपर्यंतच टिकले. रिक्षांच्या रांगेत माणसाच्या चालीने गाडी नेऊ लागलो, तर ती सरळ जाईना. डावीकडे कलली म्हणून सावरावे, तर उजवीकडे जाई. तिकडून सावरावे, तर पुन्हा डावीकडे. सोसायटीच्या फाटकात वळताना तर पाय टेकावा लागला. एरवी हंसासारखी चालणारी गाडी झोकांड्या खात होती.

वहीतली दुसरी नोंद: "नट आवळला. थरथर नाही. चालीच्या गतीत झोकांड्या." त्यापुढे सौ.ने लाल शाईने लिहिले, "फरक सापडलेला नाही, दुसऱ्या खात्यावर टाकला आहे."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते, हे समजायला दुचाकी सरळ कशी चालते ते थोडेसे पाहावे लागेल.

दुचाकी उभी का राहते?

चहाच्या किंवा सामानाच्या ढकलगाडीची फिरती चाके आठवा. चाक ज्या खिळ्याभोवती वळते तो खिळा पुढे असतो आणि चाक जमिनीला टेकते ती जागा मागे. म्हणून गाडी ढकलली की चाक मागे फरपटत येते आणि आपोआप सरळ होते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचेही असेच आहे. हँडलचा दांडा ज्या मानेत फिरतो ती मान तिरपी असते. त्या तिरप्या रेषेला खाली जमिनीपर्यंत वाढवले, तर ती टायर टेकण्याच्या जागेच्या पुढे, साधारण चार इंचांवर जमिनीला मिळते. या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. चाक सरळ ठेवण्याचे बरेचसे काम ते करते.

एवढ्याने सगळे उलगडले असे मात्र नाही. केंब्रिजच्या व्हिपल यांनी १८९९ साली सायकलच्या तोलाचे गणित मांडले. डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली चालवता येणार नाही अशी सायकल बनवण्याचा चंग बांधला. फिरते चाक भोवऱ्यासारखे तोल धरते, हा समज तपासण्यासाठी त्याने शेजारी उलट फिरणारे जादा चाक बसवले. सायकल तरीही चालवता आली. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी भोवऱ्याचा गुण आणि ट्रेल या दोहोंचाही आधार काढून घेतलेली एक छोटी सायकल स्वाराविना ढकलून दिली. ती तरीही स्वतःला सावरत गेली. या सर्व प्रयोगांतून आपल्या कामाची एक गोष्ट निघते: दुचाकी सावरते ती हँडल सतत, बारीक बारीक, योग्य दिशेला वळत राहिल्यामुळे. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला चाक थोडे वळले की गाडी पुन्हा उभी होते. हे वळणे केसाइतके सूक्ष्म असते, आणि हळू चालताना त्याची गरज अधिक असते.

आता नट जास्त आवळला तर काय होईल? मान ताठ होईल. सूक्ष्म वळणे अडकून राहील. मग आपण थोडा जोर लावला की ते एकदम सुटून हवे त्यापेक्षा जास्त होईल. चालीच्या गतीतल्या झोकांड्या त्या याच.

मग सुरुवातीची थरथर कशाची? मोटारसायकलच्या डुलण्याचे सविस्तर गणित इंग्लंडमधील रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मांडले. त्यांनी गाडीच्या तीन प्रवृत्ती वेगळ्या काढल्या. एक, सावकाश कलंडण्याची. दुसरी, संपूर्ण गाडी नागमोडी डुलण्याची. ही वेगात येते, आणि सेकंदाला दोन-चार हेलकावे असे तिचे मान असते. तिसरी, केवळ पुढचे चाक आणि हँडल थरथरण्याची. तिचा ठेका सेकंदाला साधारण सहा ते दहा. ही तिसरी प्रवृत्ती प्रत्येक मोटारसायकलच्या अंगात जन्मतःच असते. निरोगी गाडीत टायर, मान आणि स्वाराचे हात ती थरथर उठताक्षणी गिळून टाकतात.

येथे एक लहानसे त्रैराशिक करून पाहण्यासारखे आहे. अशा गाडीच्या पुढच्या चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला सुमारे आठ फेरे. टायर एका जागी झिजलेले असेल किंवा चाकाचा तोल बिघडलेला असेल, तर प्रत्येक फेऱ्याला हँडलला एक हलका धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला आठ. थरथरीचा अंगचा ठेकाही तितकाच! झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटाने ढकलले तरी तो उंच जातो. लय सोडून ढकलले तर जोर लावूनही जात नाही. ताशी ४५ ते ७० च्या दरम्यानच हे दुखणे का दिसते, आणि चाळीसच्या खाली का नाहीसे होते, ते या हिशेबात आहे. वेग वाढवताना ते आपण अनेकदा ओलांडून जातो. वेग हळूहळू उतरताना मात्र त्या पट्ट्यात गाडी रेंगाळते, भारही पुढच्या चाकावर येतो, आणि थरथर हाताला जाणवते.

म्हणजे गॅरेजातल्या कारागिराने झोपाळ्याला धक्का देणारे बोट काढले नव्हते. झोपाळ्याच्या कड्या गंजवून तो थांबवला होता.

मिस्त्रीची परीक्षा

मग गाडी आमच्या जवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. दुकान लहान, समोर दोन गाड्या आणि एक मांजर. त्याने आधी पाना उचलला नाही, प्रश्न विचारले. कोणत्या वेगाला? चढवताना की उतरवताना? एकटे असताना की दोघे? सामान कुठे? सौ.ने वही पुढे केली. ती वाचून तो म्हणाला, "काकू, अशी वही घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं."

त्याने आवळलेला नट आधी पूर्वस्थितीला आणला. मधल्या स्टँडवर गाडी घेतली, पोऱ्याला मागे दाबायला लावून पुढचे चाक अधांतरी केले. खाली बसून चिमट्याचे दोन्ही पाय धरले आणि पुढे-मागे हलवले. मानेत 'टक' असा बारीक आवाज झाला. मग हँडल एका बोटाने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे नेले. बरोबर मध्यावर ते किंचित अडले, जणू तिथे बसायची एक ठरलेली जागा आहे.

"काका, तुम्ही करून पाहा," तो म्हणाला. बोटाला ती खाच स्पष्ट लागली.

"कोनसेट गेलाय. सैल ठेवला तर टकटक करणार, आवळला तर मधेच अडकणार. ह्याला नट कसा लावू?"

कोनसेट म्हणजे मानेच्या नळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बसवलेल्या पोलादी वाट्या, आणि त्यांत ग्रीसमध्ये घोळलेले छर्रे. हँडलचा दांडा या छर्ऱ्यांवर फिरतो. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली, १९६१ पासून म्हैसूरची जावा आली. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या गाड्यांची मान अशा छर्ऱ्यांवर फिरत आली आहे. आता बऱ्याच गाड्यांत छर्ऱ्यांच्या जागी निमुळते रोलर असतात. ते भार अधिक सोसतात, पण रोग त्यांनाही हाच होतो.

दीड तासाने मान उघडली. खालची वाटी पुसून त्याने सौ.च्या तळहातावर ठेवली. चकचकीत असायला हवी ती वाट, आणि तिच्यात ओळीने गोल खळगे पडलेले.

"अगं बाई, हे तर आप्पेपात्र!" ती म्हणाली.

आप्पेपात्र कसे तयार झाले, तेही समजून घेण्यासारखे आहे. गाडी बहुतेक काळ सरळच चालते, त्यामुळे छर्रे त्याच त्या जागी बसलेले असतात. पुढच्या भागाचा भार आणि खड्ड्यांचे हातोडे खालच्या वाटीवर पडतात. त्यातच ग्रीस वाळले, किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुताना निघून गेले, की लोखंड लोखंडावर आपटते. आमच्या भागात पाऊस काय करतो ते सांगायला नकोच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकून पडली होती, ते अनेकांना आठवत असेल. आगगाडीची जिथे ही अवस्था, तिथे आवारात उभ्या केलेल्या दुचाकींची काय कथा! पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन लोक तातडीने उघडून साफ करतात. मानेतले पाणी कोणाच्या लक्षातही येत नाही. ते आत राहते आणि सवडीने गंज चढवते.

नवा कोनसेट आणायला मी उल्हासनगरला गेलो. तिथल्या मालावरच्या 'मेड इन यू. एस. ए.' या शिक्क्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या बालपणाइतका जुना आहे, पण दुकानदाराने माझ्या हातातली जुनी वाटी पाहून, मापून, गाडीच्या कंपनीचाच सीलबंद संच काढून दिला आणि बजावले, "वाट्या आणि छर्रे सगळे एकदम बदला. जुन्या वाटीत नवे छर्रे घालू नका, साईं."

मिस्त्रीने जुन्या वाट्या आतून सळई लावून, थोडे या बाजूला थोडे त्या बाजूला ठोकत काढल्या. नव्या वाट्या तिरक्या न होऊ देता बसवल्या. पुरणात तूप घालावे तसे सढळ हाताने ग्रीस घातले. मग नट आवळून हँडल दोन्ही टोकांना दहा-बारा वेळा फिरवले, म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतात. आणि त्यानंतर नट किंचित परत सोडला. शेवटची परीक्षा सर्वांत सुंदर होती. चाक अधांतरी, हँडल मध्यावर. त्याने करंगळीने एक हलका स्पर्श केला. हँडल आपल्याच वजनाने, न अडखळता, एका बाजूला जाऊन टेकले. चिमटा पुढे-मागे हलवला, तर टक आवाज नाही.

"टकटक नको आणि अडकायला नको. ह्या दोघांच्या मधे नटाचा जेमतेम आठवा हिस्सा फेरा असतो," तो म्हणाला. "तेवढ्यात सगळं आलं."

वहीचा हिशेब

झोकांड्या गेल्या. माणसाच्या चालीने गाडी पुन्हा हंसासारखी जाऊ लागली. पण पेटीत सामान ठेवून सत्तरवरून उतरलो, तेव्हा थोडीशी थरथर उरलीच होती. मी म्हटले, पुष्कळ झाले. सौ. म्हणाली, "फरक शंभराचा असो की रुपयाचा, फरक तो फरक."

तिने नियम घातला: रस्ता तोच, बारवीकडे जाणारा एक सपाट सरळ तुकडा, वेळ तीच, सकाळी सहा, म्हणजे टायर थंड आणि रस्ता मोकळा, आणि एका दिवशी एकच बदल. ती स्वतः बसणार नव्हती, म्हणून पेटीत पाच किलो तांदळाची पिशवी. बाहेर पडताना शेजाऱ्यांना वाटे, मी रोज पहाटे तांदूळ कुठेतरी पोचवतो.

पहिल्या दिवशी हवा मोजली. पुढच्या चाकात तीन पौंड कमी होती. पुस्तिकेतल्या आकड्याइतकी भरल्यावर थरथर कमी झाली, पण गेली नाही. दुसऱ्या दिवशी तांदूळ पेटीतून काढून बाजूच्या थैल्यांत, दोन्हीकडे सारखा वाटून ठेवला. थरथर जवळजवळ नाही. वजन तेच, जागा बदलली! याचे कारण असे, की पेटी मागच्या चाकाच्याही मागे आणि उंच असते. तिथले वजन तरफेसारखे पुढच्या चाकाला उचलते. पुढचे टायर जमिनीला हलके टेकते आणि थरथर गिळण्याची त्याची ताकद कमी होते. म्हणून लांबच्या प्रवासाला जड सामान खाली आणि जितके पुढे घेता येईल तितके पुढे. पेटीत रेनकोट, टॉवेल आणि चिवड्याचा डबा.

तिसऱ्या दिवशी टायर पाहिले. मिस्त्रीने तळहात टायरवरून आधी पुढे आणि मग मागे फिरवायला सांगितला. एका दिशेने मऊ लागले, दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे. मान सैल असताना चाक जे थरथरत राहिले, त्याने टायर असे खळगे पडून झिजले होते. आणि आता मान बरी झाली तरी ते टायर जुनी सवय सोडत नव्हते. नवे टायर चढवले, चाकाचा तोल करून रिमला लहानशी शिशाची पट्टी लावून घेतली. तांदूळ मुद्दाम पुन्हा पेटीत ठेवला. सत्तर, साठ, पन्नास, चाळीस. हँडल शांत.

टायर सोडले तर एकूण खर्च चार पाहुण्यांना हॉटेलात जेवू घालण्याएवढा आला.

आपल्या गाडीची परीक्षा

हे वाचून कोणाला आपली गाडी तपासाविशी वाटली, तर क्रम असा ठेवावा. स्वस्त आणि सोपे ते आधी.

आधी हवा, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना. एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो. तो पुस्तिकेत किंवा गाडीवर चिकटवलेल्या तक्त्यावर मिळतो. मग टायर: तळहात दोन्ही दिशांनी फिरवावा, आणि कडेवरचे चार आकडे वाचावे. २३१९ असे असेल, तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले आहे. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारे होते.

त्यानंतर चाक अधांतरी फिरवून रिमजवळ खडूचे टोक स्थिर धरावे. चाक डगमगत असेल तर खडू एकाच जागी घासेल. तारांचे चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्याने हलके टिचकी मारावी. सैल तार बद्द वाजते. चाक वर-खाली धरून हलवावे. खुळखुळले तर चाकाचे बेअरिंग. मागचे चाक बाजूला हलवले असता पुढे मागे न सरकता आडवे हलले, तर स्विंगआर्मचे बुश. मागचे चाक पुढच्याच्या रेषेत आहे की नाही, हे गवंडी भिंत पाहतो तसे दोन्ही बाजूंनी दोरी ताणून दिसते. चिमट्यातून तेल गळत असेल, किंवा गाडी कधी पडून चिमटा पिळला असेल, तर तेही पाहून घ्यावे.

आणि मग मान. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे रेटली असता टक वाजते का? अधांतरी चाक मध्यावर अडते का? बोटाच्या स्पर्शाने बाजूला झुकते का? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय कोणालाही तो नट आवळू देऊ नये. डँपर हा वेगवान गाड्यांवर योग्य जागी बसवलेला उपयोगाचा जिन्नस आहे. पण आजारी मानेवर तो बसवणे म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर फोडणे.

रस्त्यात थरथर सुरू झालीच, तर हँडलशी कुस्ती खेळू नये आणि एकदम जोराचा ब्रेकही मारू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, मुठी पक्क्या पण कोपर सैल ठेवावे, आणि ॲक्सिलरेटर हळू सोडून वेग उतरू द्यावा. थरथर पाहण्यासाठी हँडल पूर्ण सोडून देण्याचे धाडस तर कधीच करू नये. बोटे सैल केली तरी पुरेसे कळते. मागे माणूस बसवून असली परीक्षा घेऊ नये. आणि थरथर जर शंभरच्या वेगाला, सावकाश हेलकाव्यांची, सगळी गाडी डोलवणारी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून गाडी उभी करावी. ते दुखणे वेगळे आणि अधिक धोक्याचे.

टायर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने खुंटीवरचे हेल्मेट काढले, पण आधी तीन जागी बोट ठेवून वही पुन्हा वाचली. मग आम्ही मुरबाडवरून माळशेजला गेलो. घाट उतरून परतताना सपाटीवर वेग सत्तरवरून हळूहळू कमी केला. मागून काहीच आवाज आला नाही, म्हणून मीच विचारले, "खांदे हलले का?"

"नाही," ती म्हणाली. "पण नवीन छर्रे आधी थोडे बसतात, म्हणून मिस्त्रीनं हजार किलोमीटरला परत बोलावलंय. विसराल तुम्ही."

विसरणे शक्य नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तो आकडा तिच्या हस्ताक्षरात लाल शाईने लिहिलेला आहे, आणि वही आता पेटीतच असते. वजनाला हलकी आहे.